पलटणचा हंगाम, तालुक्याचा हिशेब

२०२४ सालच्या फेब्रुवारी महिन्यात आपल्याकडे सोमवारची सकाळ उजाडत असताना अमेरिकेत लास व्हेगासला सुपर बोल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलचा अंतिम सामना, संपला. कॅन्सस सिटी चीफ्सने सॅन फ्रान्सिस्कोला जादा वेळेत २५-२२ असं हरवलं. त्यानंतर तीन आठवड्यांच्या आत, १ मार्चला, हैदराबादच्या गच्चीबावली संकुलात पुणेरी पलटणने हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असं नमवून प्रो कबड्डीचा दहावा हंगाम जिंकला. दोन्हीकडे फरक तीनच गुणांचा. योगायोगच, त्यात अर्थ शोधायला जाऊ नये. पण अंतिम सामन्याच्या तीन गुणांवर आपण इतके खूश होतो की त्यामागचे तीन महिने बघायचे राहून जातात. पलटणने साखळीत २२ सामने खेळले. १७ जिंकले, तीन बरोबरीत सुटले आणि हरले फक्त दोन. ९६ गुणांसह ते गुणतक्त्यात पहिले होते. करंडक हैदराबादला मिळाला, कमावला मात्र त्याआधीच होता.

हे तीन महिने आपल्याकडे सटाण्यात कसे गेले, तेही आठवावं. २ डिसेंबर २०२३ ला अहमदाबादमध्ये हंगाम सुरू झाला आणि आठवडा उलटायच्या आत केंद्राने कांद्याची निर्यातबंदी जाहीर केली. लाल कांद्याचा ऐन भर. सटाण्याभोवतीच्या कसमादे पट्ट्यात त्या दिवसांत दोनच विषय होते, भाव आणि सरकार. जानेवारीत मार्गशीर्ष वद्य एकादशीला देवमामलेदारांची यात्रा भरली, तेव्हा कबड्डीचा मुक्काम मुंबईत होता. पाळण्यांच्या आवाजात मोबाइलवर सामना लावून बसलेली पोरं यात्रेत दिसायची. म्हणजे हंगाम इथे पोचला होता. पडद्यावरून तो मैदानात किती उतरला, हा पुढचा प्रश्न.

त्याआधी एका विसरलेल्या विजेतेपदाबद्दल. महाराष्ट्राच्या नावाने अमेरिकन फुटबॉलचं अजिंक्यपदही एकदा जिंकलं गेलं आहे, हे सांगितलं तर बहुतेकांना थट्टा वाटेल. २०११ मध्ये एलिट फुटबॉल लीग ऑफ इंडिया नावाची व्यावसायिक स्पर्धा जाहीर झाली. पाठीशी माइक डिटका, रॉन जवोर्स्की, कर्ट वॉर्नर यांच्यासारखे अमेरिकी फुटबॉलमधले दिग्गज आणि नट मार्क वॉलबर्ग. संघांची नावं ऐटबाज: दिल्ली डिफेंडर्स, मुंबई ग्लॅडिएटर्स, पुणे मराठाज. पहिला हंगाम २०१२ मध्ये श्रीलंकेत खेळवून त्याचं चित्रीकरण केलं आणि मग तो इथल्या दूरचित्रवाणीवर दाखवला. अंतिम सामन्यात पुणे मराठाजने दिल्लीला ६-० असं हरवलं. खेळाडू कुठून आणले? रग्बीतून, अ‍ॅथलेटिक्समधून आणि अर्थातच कबड्डीतून. झेप, पकड, अंगावर येणाऱ्याला कंबरेत धरून आडवा करणं हे ज्यांना येतं त्यांना शिरस्त्राण घातलं की झालं, असा एकंदर हिशेब होता. तो अगदीच चुकीचा नव्हता. पण पुण्यातल्या एकाही शाळेत हा खेळ नव्हता, एकाही पेठेत त्याचं मंडळ नव्हतं. जिंकणाऱ्या संघाला पुण्यात कोणी ओळखत नव्हतं आणि सामनेही परदेशात झाले. पुढे त्या लीगचा जो गाजावाजा झाला होता, तसं काही उभं राहिलं नाही. खेळाडूंना दोष देण्यात अर्थ नाही, त्यांनी नवा खेळ शिकून सामने खेळून दाखवले. वरून आलेल्या पैशाला खाली मैदानच नव्हतं.

कबड्डीचं नेमकं उलटं. इथे मैदान आधी होतं, पैसा फार नंतर आला. गेल्या शतकाच्या पहिल्या दशकांत महाराष्ट्रातच या खेळाचे नियम लिहून काढायला सुरुवात झाली. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकवेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने परदेशी लोकांना तो करून दाखवला. शंकरराव उर्फ बुवा साळवींनी उभी हयात त्यासाठी वेचली, आणि त्यांचा जन्मदिवस, १५ जुलै, राज्यात कबड्डी दिन म्हणून पाळतात. १९९० मध्ये बीजिंगला कबड्डी आशियाई खेळांत शिरली. एवढं सगळं असूनही २०१४ पर्यंत चांगल्या खेळाडूचं ध्येय एकच असायचं: रेल्वे, पोलीस, बँक, नाहीतर एखाद्या कंपनीच्या संघात चिकटायचं. त्या वर्षी प्रो कबड्डी आली आणि पहिल्या लिलावात सगळ्यात मोठी बोली लागली राकेश कुमारवर, १२ लाख ८० हजारांची. दहाव्या हंगामाच्या लिलावात पवन सेहरावत २ कोटी ६० लाख ५० हजारांना गेला. नऊ वर्षांत वीसपट. दुसऱ्या कुठल्या देशी खेळात असं झाल्याचं मला आठवत नाही.

महाराष्ट्राचं पहिलं विजेतेपद मुंबईचं. पहिल्या हंगामात यू मुम्बा अंतिम सामन्यात जयपूरकडून हरली आणि पुढच्या वर्षी, २३ ऑगस्ट २०१५ ला, वरळीत बंगळुरू बुल्सला ३६-३० असं हरवून त्यांनी उट्टं काढलं. तो अनूप कुमारचा संघ होता. अनूप शांत डोक्याचा, बोनस रेषेवर पाय टेकवून परत फिरणारा, सामन्याचा वेग आपल्या हातात ठेवणारा कर्णधार. तिसऱ्या हंगामातही ते अंतिम फेरीत पोचले आणि पाटण्याकडून २८-३१ असे हरले. त्यानंतर उतरण. मुंबईच्या त्या संघात मुंबईचे रिशांक देवाडिगा, विशाल माने होते, पण कणा हरियाणाचा होता. त्यावरून तेव्हा आपल्याकडे बरीच कुरकुर झाली. मला ती कधीच पटली नाही. व्यावसायिक संघ गावाचा नसतो, गावाला उसना मिळालेला असतो.

पुण्याची गोष्ट वेगळी आहे आणि लांबलचकही. पहिली काही वर्षं पलटणने नावं गोळा केली, कर्णधार बदलले, प्रशिक्षक बदलले, हाती काही लागलं नाही. बदल दिसू लागला तो सातव्या-आठव्या हंगामात, योगायोगाने अनूप कुमारच प्रशिक्षक असताना. २०१९ मध्ये पंकज मोहिते आला. २०२१-२२ चा आठवा हंगाम बंगळुरूच्या एका हॉटेलात, प्रेक्षकांविना खेळवला गेला, त्यात अस्लम इनामदार आणि मोहित गोयत ही कोणाला फारशी माहीत नसलेली पोरं उतरली. बचावात तमिळनाडूचा अबिनेश नादराजन होता. बाजार समितीत ट्रॉलीतला तयार माल वरवर चाळून अर्ध्या मिनिटात बोली लावायची, की घरी रोप टाकून चार महिने राखण करायची, हा निवडीचा प्रश्न आपल्याकडच्या शेतकऱ्याला समजावून सांगावा लागत नाही. पलटणने रोप टाकलं. नव्या तरुण खेळाडूंना लिलावाच्या बाहेर, ठरलेल्या मानधनावर घेता येतं, या नियमाचा त्यांनी इतरांपेक्षा जास्त फायदा उठवला.

नवव्या हंगामात बी. सी. रमेश प्रशिक्षक म्हणून आले. २०१९ मध्ये बंगाल वॉरियर्सला विजेतेपद मिळवून देणारे हेच. त्या वर्षी पलटणने फझल अत्राचली आणि मोहम्मद नबीबक्ष हे दोन इराणी मोठ्या किमतीला घेतले, अंतिम फेरी गाठली आणि १७ डिसेंबर २०२२ ला मुंबईत जयपूरकडून २९-३३ असा सामना गमावला. इथे बहुतेक मालकांनी पोरांना सोडून मोठी नावं ठेवली असती. पलटणने फझलला सोडलं आणि पोरं ठेवली. मग ऑक्टोबर २०२३ च्या लिलावात, प्रत्येक संघाला खर्चाची मर्यादा पाच कोटींची असताना, त्यातले २ कोटी ३५ लाख एकट्या मोहम्मदरेझा शादलूवर लावले. कागदावर हा वेडेपणा दिसतो. पण बाकी संघ आधीच घरात तयार असल्यामुळे जवळपास अर्धी थैली एका माणसावर रिकामी करणं त्यांना परवडलं. सगळा संघ बाजारातून उभा करणाऱ्याला ते जमलं नसतं. माझ्या मते दहावा हंगाम तिथेच अर्धा जिंकला गेला.

उरलेला अर्धा मैदानात. चढाईच्या गुणांत त्या हंगामात पहिला आला दबंग दिल्लीचा आशू मलिक, २७६ गुणांसह. पलटणचा एकही चढाईपटू त्याच्या जवळपास नव्हता. आपल्याकडे अजूनही संघ म्हटलं की 'त्यांचा मुख्य रायडर कोण' असं विचारतात. पलटणकडे त्या प्रश्नाचं उत्तर रोज बदलायचं: अस्लम, मोहित, पंकज, कधी नाशिकचा आकाश शिंदे. एकाला बाहेर बसवलं तरी दुसरा तयार. प्रतिस्पर्ध्याला एका माणसाचा अभ्यास करून येण्यात काही राम राहत नव्हता. बचावात मात्र नाव एकच होतं. शादलूने हंगामात पकडींचे ९९ गुण मिळवले आणि सर्वोत्तम बचावपटू ठरला. पण त्याच्या बाजूने अबिनेश, गौरव खत्री, संकेत सावंत वेळेवर आले नसते तर त्या पकडी पूर्ण झाल्या नसत्या. कोपऱ्यातल्याने घोटा धरला आणि मधल्याने उशीर केला, की चढाईपटू दोघांना घेऊन मध्यरेषेवर पडतो. एका पकडीचा एक गुण मिळायचा तिथे दोन जातात. मालिकेतला सर्वोत्तम खेळाडू ठरला कर्णधार अस्लम. तो ना चढाईत पहिला होता ना पकडीत. दोन्ही बाजूंनी खेळणाऱ्याला तो बहुमान मिळाला, हे मला त्या हंगामाचं सार वाटतं.

उपांत्य सामना एकतर्फी झाला. पाटणा पायरेट्स ३७-२१ असे गेले. अंतिम सामना मात्र चिकट. हरियाणाचे प्रशिक्षक मनप्रीत सिंग आणि कर्णधार जयदीप दहिया यांचा संघ बचावावर उभा होता. त्यामुळे पहिली पंधरा-सोळा मिनिटं दोन्हीकडून रिकाम्या चढाया आणि मग तिसरी चढाई, असाच खेळ चालला. सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण घ्यावाच लागतो, नाहीतर माणूस बाद. तीस सेकंद असतात. बचावाला ठाऊक असतं की हा येणारच, आणि चढाईपटूला ठाऊक असतं की त्यांना ते ठाऊक आहे. अशा कोंडीत मध्यंतराच्या तोंडावर पंकज मोहिते आत गेला आणि एकाच चढाईत चार गुण घेऊन परतला. अशा वेळी नेमकं काय होतं, ते सावकाश पाहण्यासारखं असतं. पहिला बचावपटू घाई करतो. साखळीतले बाकीचे त्याला साथ द्यायला झेपावतात, कारण न झेपावणं हा त्यांच्या सवयीत गुन्हा आहे. चढाईपटू पडता पडता हात लांब करतो. ज्यांनी ज्यांनी त्याला शिवलं ते सगळे बाद. इमानदारीने धावलेले चार जण एका चुकीपायी बाहेर. मध्यंतराला १३-१० झाले होते. उत्तरार्धाच्या सुरुवातीला पलटणने लोण चढवला आणि तिथून पुढे त्यांनी केवळ घड्याळ सांभाळलं. हरियाणाने शेवटी अंतर कमी करत आणलं, तरी तीन गुण राहिलेच. पंकजने नऊ गुण मिळवले. बक्षीस तीन कोटींचं.

आता अमेरिकेकडे पुन्हा वळायचं कारण आहे. प्रो कबड्डीचा सांगाडा बराचसा तिकडच्या फुटबॉलच्या धर्तीवर आहे: संघसंख्या ठरलेली, बढती-घसरण नाही, आणि खर्चाला वरून टोपी. एनएफएल या तिकडच्या फुटबॉल लीगमध्ये २०२३ च्या हंगामासाठी ती टोपी संघामागे साडेबावीस कोटी डॉलरच्या आसपास होती. शिवाय १९३६ पासून तिथे नवे खेळाडू निवडताना शेवटून पहिल्या आलेल्या संघाला पहिला हक्क मिळतो. हेतू सरळ आहे, कोणीही कायम वर राहू नये. तरी कॅन्सस सिटी लागोपाठ दोनदा जिंकली, कारण पॅट्रिक महोम्स आणि प्रशिक्षक अँडी रीड ही जोडी मोडली नाही. आपल्याकडे तसं झालं नाही. पुढच्याच लिलावात शादलू २ कोटी ७ लाखांना हरियाणाकडे गेला, आणि डिसेंबर २०२४ मध्ये खुद्द पुण्यात, बालेवाडीला, हरियाणाने पाटण्याला ३२-२३ हरवून करंडक उचलला. विजेत्या पलटणचा अस्लम दुखापतीने बाहेर बसला आणि संघ बाद फेरीतही पोचला नाही. एक माणूस गेला, एक जखमी झाला, ९६ गुणांचा संघ संपला. २०२५ मध्ये प्रशिक्षक अजय ठाकूरच्या हाताखाली ते पुन्हा अंतिम फेरीत आले आणि दिल्लीकडून २८-३१ असे हरले. पुन्हा तीन गुण, यावेळी उलट्या बाजूने. रोपांचा मार्ग बरोबर होता याचा हा पुरावा मानावा, की एका विजेतेपदाचं आयुष्य किती तोकडं असतं याचा, हे ज्याने त्याने ठरवावं. मी पहिल्या बाजूचा आहे.

मग हा हंगाम महाराष्ट्राचा म्हणायचा का? अस्लम अहिल्यानगर जिल्ह्यातला. वडील लवकर गेले, आईने मोलमजुरी करून वाढवला. तो आणि आकाश शिंदे ऑक्टोबर २०२३ मध्ये हांगझोच्या आशियाई स्पर्धेत इराणला ३३-२९ हरवून सुवर्ण जिंकणाऱ्या भारतीय संघात होते. समोरच्या इराणी संघात होता शादलू. दोन महिन्यांनी तिघं एकाच रंगाच्या जर्सीत. नाशिक जिल्ह्यातल्या पोरांना आकाशचं नाव ओळखीचं आहे, त्याचे व्हिडिओ बघून ते उडी शिकतात. पण मला तुलना करावीशी वाटते ती दुसऱ्याच एका विजयाशी. जानेवारी २०१८ मध्ये याच हैदराबादच्या गच्चीबावलीत रिशांक देवाडिगाच्या महाराष्ट्राने सेनादलाला ३४-२९ हरवून, अकरा वर्षांनी, राष्ट्रीय अजिंक्यपद जिंकलं. त्या संघातला प्रत्येक जण राज्याच्या मैदानांतून, जिल्हा निवड चाचण्यांतून आलेला. ना लिलाव, ना कोटींचं बक्षीस. आणि आज दहा जणांना विचारा, दोघांना आठवलं तरी पुष्कळ. आपली आठवणसुद्धा आता प्रक्षेपणाच्या हक्कांवर चालते.

सटाण्यासारख्या तालुक्याच्या गावी कबड्डीचं खरं अर्थकारण अजून लिलावाचं नाहीच. ते आहे पोलीस भरतीचं. शासकीय नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे, दहावी-बारावीला वाढीव गुण आहेत. शालेय स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालील गटांत तालुक्यातून जिल्ह्याला आणि तिथून विभागाला जातात. शिवजयंती, यात्रा, एखाद्या मंडळाचा वाढदिवस अशा निमित्तांनी वजनी गटांच्या निमंत्रित स्पर्धा रात्री हॅलोजनच्या उजेडात होतात. फक्कीने रेषा आखायच्या, पाणी मारून माती बसवायची, पंचांना चहा. यातलं काहीच कमी लेखण्यासारखं नाही, पलटणसारख्या संघांना माणसं याच थरातून मिळतात. पण मातीवर घडलेल्या पायाला मॅटवर नव्याने चालायला शिकावं लागतं. मातीत पाय घसरतो आणि त्या घसरण्यावर डाव रचलेले असतात. मॅटवर बूट चिकटतो, वळण्याचा सगळा भार गुडघ्यावर येतो. पुरुषांचं मैदान तेरा मीटर लांब आणि दहा मीटर रुंद. एवढी मॅट आणि तिच्यावर छप्पर तालुक्यात असेल, तर पोरगा सोळाव्या वर्षी तिच्यावर उतरतो. नसेल तर थेट निवड चाचणीच्या दिवशी, आणि मग पहिल्या दोन चढायांत त्याचा निकाल लागतो. करंडक पुण्यात आला म्हणून हे बदलत नाही. जिल्हा क्रीडा खात्याचा आणि आमदार निधीचा पैसा व्यायामशाळांच्या लोखंडाऐवजी इकडे वळला तर बदलेल.

अमेरिकेतलं एक उदाहरण इथे फार बोलकं आहे. विस्कॉन्सिन राज्यात ग्रीन बे नावाचं लाखभर वस्तीचं गाव आहे. १९१९ मध्ये एका मांस डबाबंद करणाऱ्या कंपनीने गणवेशाला पैसे दिले म्हणून तिथल्या संघाचं नाव पॅकर्स. १९२३ मध्ये संघ बुडायला आला, तेव्हा गावकऱ्यांनी भाग विकत घेतले. त्या भागांवर लाभांश मिळत नाही, ते नफ्याने विकता येत नाहीत. आज असे पाच लाखांवर भागधारक आहेत आणि संघाच्या नावावर १३ अजिंक्यपदं. न्यूयॉर्क-शिकागोच्या धनाढ्य मालकांमध्ये हा एकच संघ लोकांचा. सहकारात आपण कोणाला ऐकणारे नाही. साखर, दूध, सूत, पतपेढी सगळं भागभांडवलावर उभं केलं, काही चालवलं, काही बुडवलं. खेळाचा संघ तेवढा कोणी उभा केला नाही. कसमादेच्या चार तालुक्यांचा मिळून एक व्यावसायिक संघ ही कल्पना आज हसण्यावारी जाईल, आणि सहकारातल्या निवडणुका बघता संघनिवडही पॅनलनिहाय होईल ही भीती रास्तच आहे. तरी राज्य संघटनेने जिल्ह्यांची कायमस्वरूपी लीग चालवली, तर असं भागभांडवल उभं राहायला हरकत नाही.

मुलींचं या सगळ्यात कुठेच नाव नाही. २०१२ मध्ये पाटण्याला भारतीय महिलांनी पहिला विश्वचषक जिंकला, त्यातल्या दीपिका जोसेफ, अभिलाषा म्हात्रे आणि सुवर्णा बारटक्के या महाराष्ट्राच्या तिघींना राज्य सरकारने प्रत्येकी एक कोटी दिले. २०१६ मध्ये प्रो कबड्डीच्या जोडीने तीन संघांची महिला स्पर्धा घेऊन पाहिली. हैदराबादच्या अंतिम सामन्यात स्टॉर्म क्वीन्सने फायर बर्ड्सला २४-२३ असं एका गुणाने हरवलं. सामना पुरुषांच्या त्या वर्षीच्या अंतिम सामन्यापेक्षा कितीतरी चुरशीचा होता. पुढच्या वर्षी ती स्पर्धा झाली नाही, त्यानंतरही प्रो कबड्डीने तसा प्रयोग पुन्हा केला नाही. सटाण्याच्या बागलाण तालुक्यातल्या शाळांमधून सतरा वर्षांखालील मुलींचे संघ दरवर्षी तालुका स्पर्धेला उतरतात. त्यातली एखादी अस्लमच्या तोडीची निघाली, तर तिच्यासाठी आज पोलीस भरतीच्या पलीकडे फारसा रस्ता नाही, आणि हा रस्ता काढायला लीगच्या मालकांना मुंबईतल्या एका बैठकीपलीकडे काही लागणार नाही.